त्याच्या डोळ्याला लागलेली दुर्बीण

प्रॅक्टिकल संपलं, मुलं दप्तरं खांद्याला मारून जिन्याकडे पळाली, की ताईंचं खरं काम सुरू व्हायचं. फिजिक्स विभागाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लॅबमध्ये बारा टेबलं आणि बारा स्पेक्ट्रोमीटर. मधे फिरती चकती, तिच्यावर काचेचा प्रिझम, एका अंगाला बारीक फटीची नळी आणि दुसऱ्या अंगाला छोटी दुर्बीण. ताई एकेक प्रिझम मऊ फडक्यानं पुसायच्या, डबीत ठेवायच्या, आणि दुर्बिणीची नळी पुन्हा खुणेवर आणून ठेवायच्या. प्रयोगशाळा परिचर हा त्यांचा हुद्दा. पगाराच्या कागदावर तो लिहिलेला असायचा. बाकी सगळ्यांसाठी त्या नुसत्या ताई.

एकतीस वर्षं नळ्या खुणेवर आणता आणता त्यांना एक गोष्ट कळली होती, जी कुठल्याच प्रॅक्टिकलच्या वहीत नव्हती. ज्याला लांबचं नीट दिसतं, त्याची दुर्बीण सुटताना साधारण खुणेपाशीच असते. ज्याला दिसत नाही आणि चष्मा नाही, किंवा चष्मा आहे पण नंबर जुना झालाय, तो नळी आत ढकलून गेलेला असतो. नळी किती आत गेलीय ते बघून ताई मनातल्या मनात म्हणायच्या, "टेबल नऊ, दीड तरी असेल. टेबल अकरा, बाई गं, हिला रस्ता तरी दिसतो का?"

आणि नळी जिथे फार आत, त्या टेबलावर हमखास आणखी काहीतरी सापडायचं. खोडून खोडून भोक पडलेला कागद. चावलेली पेन्सिल. एकदा तर रुमाल सापडला, पिळला तर पाणी निघावं इतका ओला. बाहेर थंडी होती तेव्हा.

डोळ्यांचा आणि त्या घामाचा संबंध ताईंना कुणी समजावून द्यायला नको होता. याच इमारतीतून त्या स्वतः एकदा पळून गेल्या होत्या.

तेव्हा त्या ताई नव्हत्या. अठरा वर्षांची, शाळेत पहिल्या पाचांत येणारी मुलगी होती. वडील पोस्टमन. त्यांना आपल्या नजरेचा भारी अभिमान. रस्त्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या घराचा नंबर ते वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "आपल्या घराण्यात चष्मा नाही." हे ते अशा थाटात सांगायचे, की चष्मा म्हणजे घराण्याला लागलेला बट्टाच. मुलीनं ते ऐकलं आणि डोळ्यांबद्दल पुन्हा कधी विचारच केला नाही. शाळेत ती पहिल्या बाकावर बसायची, तिथून फळा दिसायचा. विद्यापीठात दोनशे मुलांचा वर्ग, तिची बस पोचायची उशिरा, जागा मिळायची ती मागच्या भिंतीला टेकून. फळ्यावर पांढरं धुकं. बाकीच्यांनाही तसंच दिसत असणार आणि तरी त्यांना कळतंय, म्हणजे ती हुशार आहेत आणि आपण नाही, असा तिनं सरळ हिशेब लावला. शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. शेजारीण चुकली की हीसुद्धा चुकायची.

एके दिवशी शिकवणाऱ्या सरांनी तिलाच उभं केलं. "तिसरी ओळ वाचा."

ती उभी राहिली. ओळ कुठली तेच कळेना.

"सोडवायला नाही सांगितलं. नुसतं वाचायला सांगितलंय. वाचता येतं ना?"

दोनशे जण हसले. त्या दिवसापासून इमारतीच्या जिन्याशी आलं की तिच्या छातीत धडधडायला लागायचं, हात गार पडायचे. फाटकातून आत शिरताना ओळखीची मुलं हात करायची, तिला चेहरे दिसायचे नाहीत, आणि न दिसणारा प्रत्येक चेहरा आपल्यालाच हसतोय असं तिला वाटायचं. मुलं म्हणायला लागली, शिष्ट आहे, ओळख दाखवत नाही. प्रॅक्टिकलच्या आधी उलटी व्हायला लागली. दुसऱ्या वर्षाच्या मधेच तिनं जाणं बंद केलं. घरी सगळे समजुतीनं म्हणाले, "नाही झेपला अभ्यास. असतं एकेकाचं." तिलाही ते पटलं. सगळ्यात वाईट तेच, की पटलं.

तीन वर्षं तिनं तयार कपड्यांच्या दुकानात घड्या घातल्या. मग फिजिक्स विभागात परिचराची जागा निघाली. वडिलांनी अर्ज आणला. ज्या इमारतीचा जिना चढवत नव्हता तिथेच झाडू-फडकं घेऊन जायचं, पण पगार बरा होता आणि झाडूला कुणी तिसरी ओळ वाचायला सांगत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका स्पेक्ट्रोमीटरवरची धूळ पुसताना दुर्बिणीचं तोंड खिडकीकडे वळलं. तिनं सहज डोळा लावला. नुसतं हिरवं काहीतरी. बाजूचा स्क्रू फिरवला, नळी आत गेली, आणि एकदम समोरचं झाड आलं. उलटं आलं, शेंडा खाली आणि बुंधा वर, कारण त्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं. पण त्या झाडाला पानं होती. एकेक सुटं पान. पानांना कडा होत्या. एका फांदीवर कावळा उलटा लटकून चोच घासत होता आणि त्याची चोचसुद्धा दिसत होती.

तिनं डोळा काढून खिडकीतून बघितलं. हिरवा ढीग. पुन्हा डोळा लावला. पानं.

असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. कथांमधल्या माणसांना अशा वेळी रडू येतं. तिला आला तो संताप. असा संताप की हातातलं फडकं तिनं भिंतीवर फेकून मारलं. "म्हणजे मी ढ नव्हते," ती रिकाम्या लॅबमध्ये मोठ्यानं म्हणाली. "अरे, मला दिसत नव्हतं!"

दोन्ही डोळ्यांना साडेचार निघाला. चष्मा लावून घरी गेली तेव्हा वडील म्हणाले, "काढ आधी ते. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"शेजारीपाजारी काय म्हणतात ते मला ऐकू येतंच होतं, बाबा. आता त्यांची तोंडंही दिसतील."

आणि ज्या सरांनी तिला उभं केलं होतं त्यांच्याकडेही ती गेली. ते अजून शिकवत होते. "सर, मला वाचता येत होतं. दिसत नव्हतं," ती म्हणाली. सरांना ती आठवेना. आठवल्यावर ते म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला कुठे माहीत होतं? जन्मापासून जसं दिसतं तसंच सगळ्यांना दिसत असेल असं वाटतं माणसाला."

"हं," सर म्हणाले. "बरं, ती भिंगांची पेटी आत नेऊन ठेवा."

पेटी तिनं नेऊन ठेवली. पण त्या दिवशी तिनं मनाशी गाठ बांधली, की या खोलीत दिसत नाही म्हणून कुणी पळून जाणार नाही. आपण असेपर्यंत तरी नाही.

पुढं लग्न झालं, नवरा नळदुरुस्ती करणारा, सरळ माणूस. एक मुलगी झाली, तिचंही लग्न झालं. ताईंचे केस पिकले, नंबर साडेसहापर्यंत गेला. लॅबबाहेरच्या बोळात त्यांनी पुठ्ठ्यावर काळ्या रंगानं अक्षरं रंगवून तक्ता टांगला, वर मोठी, खाली बारीक होत जाणारी. लॅबच्याच मीटरपट्टीनं सहा मीटर मोजून फरशीवर लाल रेघ मारली. ज्याची नळी आत, त्याला दुसऱ्या दिवशी त्या रेघेवर उभं करायच्या. "वाच. कुठवर येतं? एवढंच? मग डोक्याला दोष कशाला देतोस, आधी डोळे तपासून ये." मुलं त्याला ताईंचा दवाखाना म्हणायची. विभागप्रमुख हसून सोडून द्यायचे. कितीतरी मुलं चष्मा करून आली, आणि त्यातली बरीच व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, थरथरायची थांबली. सगळी नाही. काहींचं भय डोळ्यांत नव्हतंच, ते ताईंनाही कळायचं.

मग तो लंबू आला.

तिसऱ्या वर्षातला मुलगा, उंचीमुळे मुलांनी नाव पाडलेलं. चौथ्या टेबलावर असायचा. चष्मा होता, जाड भिंगांचा, तरी नळी प्रत्येक वेळी आत. कागदावर भोकं. व्हायव्हाच्या आधी बोळातून येरझाऱ्या. ताईंनी त्याला रेघेवर बोलावलं तेव्हा तो एवढ्यानंच भडकला.

"मला चष्मा आहे. दिसतंय ना तुम्हाला?"

"मला दिसतंय. तुला दिसतंय का, ते विचारते आहे."

"तुम्हाला काय करायचंय?" तो म्हणाला आणि निघून गेला. दोन पायऱ्या एकदम उतरत गेला. ताईंना राग आला नाही. असं जिन्यावरून उतरणं त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी ठरवलं, परीक्षा होऊ दे, मग गाठू याला.

ती चूकच झाली. परीक्षेआधीच गाठायला हवं होतं.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक आले होते. घाईचे गृहस्थ. एका दिवसात तीन तुकड्या उरकायच्या म्हणून त्यांनी सकाळी येऊन बाराही दुर्बिणी स्वतःच्या डोळ्यानं लावून ठेवल्या आणि फळ्यावर लिहिलं, "दुर्बीण लावून दिलेली आहे. हात लावू नये." दुर्बीण ज्यानं त्यानं आपापल्या डोळ्याला लावून घ्यायची असते, पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला हेच शिकवतात. पण परीक्षेत परिचरानं तोंड उघडायचं नसतं. ताई भिंतीशी उभ्या राहिल्या.

लंबूनं डोळा लावला. मान वर केली. पुन्हा लावला. फळ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून. मग त्याचा हात हळूच स्क्रूवर गेला आणि नळी आत सरकली. खोडत, पुन्हा लिहीत तो रीडिंगं घेत राहिला. अर्ध्या तासानं परीक्षक चौथ्या टेबलाशी आले, वाकून बघितलं आणि ताडकन सरळ झाले.

"सेटिंग बिघडवलंत. काय लिहिलंय फळ्यावर?"

लंबू उभा राहिला. फळ्याकडे बघून त्यानं पुन्हा डोळे बारीक केले.

"वाचा ना. काय लिहिलंय? तिसऱ्या वर्षात आलात आणि साधी सूचना वाचता येत नाही?"

लॅबमधली अकरा डोकी वर झाली. लंबूचा चेहरा कागदासारखा झाला होता, श्वास वर वर चालला होता. परीक्षकांनी गुणांच्या तक्त्यावर पेन टेकवलं.

"सेटिंग बिघडलेलं नाही," ताई म्हणाल्या.

आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. परीक्षकांनी मागं वळून बघितलं, कपाटच बोललं असावं तसं.

"ती दुर्बीण त्याच्या डोळ्याला लागलीय, सर. तुमच्या डोळ्याला लावलेली होती, ती त्याला कशी दिसेल? त्याचा चष्मा जुना आहे. त्याची रीडिंगं बघा, बरोबर असतील."

"तुम्ही कोण?"

"परिचर."

"मग बाहेर थांबा."

"थांबते. पण आधी तुम्ही रीडिंगं बघा."

विभागप्रमुख धावत आले. ताईंना बाहेर काढलं. लंबूला हाताळणीचे शून्य, आणि तोंडी परीक्षेत तो एक शब्दही बोलू शकला नाही म्हणून तिथेही शून्य. तो बाहेर आला आणि लाल रेघेपाशी फरशीवर बसला, गुडघ्यात डोकं घालून. ताई त्याच्या शेजारी बसल्या. खाली बसताना त्यांचे गुडघे कटकन वाजले.

डोकं वर न करताच तो बोलला. "चष्मा दोन वर्षांपूर्वीचा आहे. मला माहीत आहे नंबर वाढलाय."

"मग?"

"माझ्या मामाला असाच मोठा नंबर होता. एक दिवस डोळ्यासमोर काळे धागे आले, मग पडदा पडल्यासारखं झालं. एक डोळा गेला." त्यानं चष्मा काढून हातात घेतला. "माझ्याही डोळ्यासमोर धागे येतात. भिंतीकडे बघितलं की तरंगतात. मी रोज उठलो की आधी एक डोळा झाकून बघतो, मग दुसरा. दाराची कड सरळ दिसते का बघतो. तपासायला गेलो आणि ते म्हणाले की तुझंही तेच, तर? अभ्यासाला बसलो तरी डोक्यात हेच. जितकं घाबरतो तितकं तपासायला जात नाही, आणि जितकं जात नाही तितकं दिसत नाही."

ताईंनी आयुष्यभर एकच बाजू बघितली होती, न दिसल्यामुळे घाबरलेली पोरं. घाबरल्यामुळे न दिसणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला.

"बरोबर आहे तुझं घाबरणं," त्या म्हणाल्या. "मामाचं जे झालं ते खरंच झालं. पण तू रोज दाराची कड बघतोस, तिला काय कळतं डोळ्यातलं? उद्या सुट्टी टाकते. आपण दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं."

"तुम्ही कशाला?"

"तू जिन्यावरून पळशील म्हणून."

दवाखान्यात थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, मग तीन-चार तास सगळं भगभगतं. लंबू ताईंचा दंड धरून बाकावर बसला होता, एवढा मोठा घोडा. डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आतला पडदा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत बघितला. डाव्या डोळ्यात काठाला एक जागा विरलेली निघाली. तिथे लेझरनं टाके मारल्यासारखं करून टाकलं, काही मिनिटांचं काम. "वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "धागे पुष्कळांना दिसतात, त्यांना इतकं भिऊ नका. पण एकदम वाढले, लखलख झाली किंवा पडदा वाटला, तर त्याच दिवशी यायचं. आणि एरवी वर्षातून एकदा." चष्म्याचा नंबर पाचाचा सव्वासात झाला होता.

बाहेर येऊन लंबू हसला की रडला ते सांगता येत नाही, बाहुल्या मोठ्या असल्यामुळे पाणी येतच होतं.

तोवर इकडे ताईंच्या नावानं नोटीस निघाली. परीक्षेत हस्तक्षेप, कार्यकक्षेबाहेरचं वर्तन, शिवाय बोळात विनापरवाना तक्ता. लेखी खुलासा द्या आणि समितीपुढं हजर व्हा. नवरा चहा गाळता गाळता म्हणाला, "दोन ओळी माफीच्या लिहून टाक ना. मी नळ बसवताना गिऱ्हाईक चुकत असलं तरी चूक माझीच म्हणतो. काम होतं, डोक्याला ताप नाही."

"तुझ्या नळाला कुणी ढ म्हणत नाही," ताई म्हणाल्या.

त्यानं कप पुढं सरकवला. पुन्हा विषय काढला नाही. उलट चौकशीच्या दिवशी पुठ्ठा कापायला आपली धारदार सुरी दिली आणि कशाला हवीय तेही विचारलं नाही.

समितीत तिघं. विभागप्रमुख, कार्यालयातल्या एक बाई आणि निवृत्त झालेले एक म्हातारे प्राध्यापक. ताईंचा खुलासा वाचून झाला. तो एका वाक्याचा होता: "मी बोलले, कारण जे चाललं होतं ते चुकीचं होतं."

"याला खुलासा म्हणत नाहीत," विभागप्रमुख म्हणाले.

"मग पाच मिनिटं लॅबमध्ये चला. तिथे करते."

"त्याची काही गरज नाही."

"चला, बघू तरी काय आहे ते," म्हातारे प्राध्यापक काठी सावरत उठलेसुद्धा. मग बाकीच्यांना उठावंच लागलं.

चौथ्या टेबलावर सोडियमचा पिवळा दिवा लावलेला होता. तो तापायला दहा मिनिटं लागतात, म्हणजे ताईंनी तो समितीपुढं जायच्या आधीच लावला होता. दुर्बीण चांगल्या डोळ्याला लागेल अशी खुणेवर. शेजारी पुठ्ठ्याचा एक चष्मा, त्यात लॅबच्या पेटीतली दोन भिंगं.

"पन्नास सेंटिमीटर नाभीय अंतराची आहेत, म्हणजे दोन नंबरची," ताई म्हणाल्या. "त्या मुलाला चष्म्यात सव्वादोन नंबर कमी पडत होते. ही लावली की जवळजवळ दोन कमी पडतात. त्याच्यापेक्षा थोडं सोपंच दिलंय. सर, तुमच्या चष्म्यावरून धरा आणि पहिलं रीडिंग घ्या. दुर्बीण लावून दिलेली आहे. हात लावायचा नाही. दोन मिनिटं."

विभागप्रमुखांनी म्हाताऱ्या प्राध्यापकांकडे बघितलं. ते म्हणाले, "घ्या की."

विभागप्रमुख वाकले. फटीच्या जागी पिवळा फराटा. कुठं सुरू होतो, कुठं संपतो, पत्ता नाही. त्यांनी मान तिरकी केली, श्वास धरला. आणि मग, कुणी न सांगता, त्यांचा उजवा हात स्क्रूकडे गेला.

"सर. हात."

हात चटका बसल्यासारखा मागं आला. कार्यालयातल्या बाईंनी तोंडावर फाईल धरली.

"एक मिनिट झालं," ताई म्हणाल्या.

"पण हे घेणार कसं? रेषाच नाही तर दुर्बिणीतली तार कुठे जुळवायची?"

"दीड मिनिट."

"थांबा ना जरा!" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तीस वर्षं हा प्रयोग शिकवणारा माणूस. वेळ संपली तेव्हा ते सरळ झाले आणि पुठ्ठ्याचा चष्मा त्यांनी टेबलावर ठेवला.

ताई हसल्या नाहीत. "आता मी सगळ्यांसमोर म्हणायचं, विभागप्रमुख झालात आणि साधी फट दिसत नाही? म्हणू?"

विभागप्रमुखांनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"तुम्ही दोन मिनिटांत घामाघूम झालात, सर, आणि तुम्हाला माहीत आहे की ही भिंगं काढली की झालं. त्या पोरांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं हे असंच राहणार, आपणच असे. वर्षानुवर्षं. मला माफी लिहायला सांगताय. लिहीन, पण त्या मुलाची माफी. परीक्षेच्या आधीच का नाही गाठलं याची."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी मग लंबूची उत्तरपत्रिका मागवली. भोकं पडलेल्या कागदावरची रीडिंगं त्यांनी स्वतः ताडून बघितली. बरोबर होती.

निकाल मात्र कुठल्याच बाजूला धड लागला नाही. लंबूची परीक्षा पुन्हा घेतली, नव्या चष्म्यानं, दुसऱ्या परीक्षकांपुढं. तरीही तोंडीच्या वेळी तो अडखळलाच, पन्नासपैकी चौतीस मिळाले. चष्म्यानं सगळं भय जात नाही. आरोग्यकेंद्रात समुपदेशक बसतात, त्यांच्या दारापर्यंत तो तीनदा जाऊन परत आला. चौथ्यांदा ताई जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसल्या, तेव्हा आत गेला. पुढं मात्र तो आपणहून जात राहिला. पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या सूचनांत एक नवी ओळ छापून आली, की परीक्षार्थीनं दुर्बीण स्वतःच्या डोळ्यानुसार लावून घ्यावी. ती कुणामुळे आली हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणि ताईंना लेखी ताकीद मिळाली. नियम तो नियम. कारकुनानं सहीसाठी कागद पुढं केला. ताईंनी पूर्ण वाचला आणि सहीच्या वर लिहिलं: "वाचलं. मान्य नाही."

"ताई, असं लिहायची पद्धत नाही हो," कारकून कळवळला.

"आता आहे," ताई म्हणाल्या आणि खाली लफ्फेदार सही ठोकली.

नव्या सत्राच्या तोंडावर बदलीचा कागद आला. रसायनशास्त्र विभाग, तळमजला. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली असताना बदली कशासाठी करतात हे सगळ्यांना समजतं. फिजिक्सच्या मुलांनी गलका केला, अर्ज करतो म्हणाली. ताईंनी त्यांना गप्प केलं. आपली फडकी, डबा आणि मीटरपट्टी एका पिशवीत भरली. मीटरपट्टी विभागाची होती, तेव्हा ती तेवढी परत ठेवली आणि वाटेत दुकानातून स्वतःची मोजपट्टी विकत घेतली.

रसायनच्या प्रमुखांच्या कानावर सगळं आलेलंच होतं. त्यांनी ताईंना खुर्चीसुद्धा दिली नाही.

"इथे तुमचे ते प्रकार चालणार नाहीत. आधीच सांगून ठेवतो."

"कुठले, सर?" ताईंनी अगदी आदरानं विचारलं.

प्रमुखांनी तोंड उघडलं. मुलांना दिसतं की नाही ते बघणं चालणार नाही, असं काही त्यांना म्हणवेना. दुसरा शब्दही सापडेना. त्यांनी टेबलावरचे दोन कागद उगाच सारखे केले.

"जा, कामाला लागा," ते म्हणाले.

ताई लॅबमध्ये गेल्या. तीस मुलं काचेच्या उभ्या नळ्यांतून थेंब थेंब आम्ल सोडत होती. शेवटच्या रांगेत एक मुलगी नळीवरची रेघ वाचायला इतकी जवळ गेली होती, की काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरत होती. ती वाफ पुसायची, वाचायची, परत पुसायची. ओठ दाताखाली.

ताई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"चष्मा कधीपासून नाहीये?" त्यांनी विचारलं.